दिवाण सर सालारजंग

मराठवाडा हा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्याचा एक भाग होता, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या राज्यांत जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास कलेक्टर न म्हणतां अव्वल तालुकदार म्हणत असत. नांदेडास अशा अव्वल तालुकदाराची कचेरी होती. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असल्यामुळें (लातूरचा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला) तेथील लोकांस आपलें गाऱ्हाणें उस्मानाबादेच्या तालुकदाराकडे न्यावें लागे. हा अधिकारी सरकारी तिजोरींतून पगार घेई, वसुलाचा हिशेब वर देई आणि हुकूम आला कीं बदलीच्या गांवीं जाई. परंतु त्याच्याहि पूर्वीं, म्हणजे आजपासून सुमारें पावणेदोनशें वर्षांमागें, तालुकदार ह्या शब्दाचा अर्थ अगदीं निराळा होता. तालुकदार म्हणजे सरकारी साऱ्याचा मक्तेदार. पुढें शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पालटला. हा पालट ज्यांनीं घडवून आणला त्या नबाब मीर तुराब अलीखान ऊर्फ पहिले सर सालारजंग ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

सालारजंग म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांस हैदराबादचें वस्तुसंग्रहालय आठवतें. सहलीस जाऊन आलेले विद्यार्थी घड्याळाची व बुरख्यांतील रिबेकाच्या संगमरवरी पुतळ्याची गोष्ट मोठ्या कौतुकानें सांगतात. तें संग्रहालय मुख्यत्वें ह्यांच्या नातवाच्या, म्हणजे तिसऱ्या सालारजंगांच्या, संग्रहांतून उभें राहिलें व १९५१ सालीं लोकांस खुलें झालें. रिबेकेचा पुतळा मात्र आमच्या चरित्रनायकांनीं १८७६ सालीं इटलींत विकत घेतला होता. तथापि त्यांनीं केलेलें खरें काम कांचेच्या कपाटांत ठेवण्याजोगें नाहीं. तें हिशेबाच्या वह्यांतून झालेलें आहे.

मक्त्याची पद्धत कशी चाले तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. समजा, एका तालुक्याचा वसूल एक लाख रुपये धरलेला आहे. फौजेचा पगार थकला म्हणजे सरकारास पैसा तांतडीनें हवा असे. अशा वेळीं हैदराबादेंतील एखादा सावकार किंवा अरबांचा जमादार पुढें येई, कांहीं रक्कम आगाऊ देई आणि तालुका आपल्या नांवें लिहून घेई. दिलेल्या रकमेवर व्याज चालूच असे. म्हणून वसुलांतून व्याज आधीं वळतें होई. हा मक्तेदार पुष्कळदां तालुक्याचें तोंडहि पाहत नसे. तो आपला नायब पाठवी, नायब पोटमक्तेदारांस गांवें वांटून देई आणि प्रत्येक पायरीवर प्रत्येकाचा नफा चढे. सर्वांत खालच्या पायरीवर रयत उभी. बरें, मक्ता किती दिवस टिकेल ह्याची शाश्वती नसे. दुसऱ्या कोणीं दरबारांत अधिक नजराणा दिला कीं पहिल्याची उचलबांगडी झालीच. पुढल्या सालीं आपण येथें असूं कीं नाहीं हें ज्यास ठाऊक नाहीं, तो पडलेली विहीर कां बांधील, फुटलेल्या तळ्याचा बांध कां घालील आणि दुष्काळांत सूट तरी कां देईल? अशा माणसास दुष्ट म्हणण्याचें विशेष कारण नाहीं. व्यवस्थाच अशी होती कीं तींत भला माणूस बुडावा व निर्दय माणूस तरावा.

आमच्या प्रांतास ही गोष्ट नवी होती असें मात्र नाहीं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, ज्याची कबर खुलताबादेस आहे, त्यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं ह्याच मुलखांत मक्ते मोडून जमिनीचा कस व पीक पाहून सारा ठरविला होता. तो १६२६ सालीं वारला. त्याच्यामागें लढाया, दुष्काळ व राज्यक्रांत्या ह्यांत ती घडी विसकटली. हैदराबादच्या राज्यांत मक्त्याचा कळस झाला तो राजा चंदूलाल ह्यांच्या कारभारांत. १८४३ सालीं ते पायउतार झाले. तत्पूर्वीं सुमारें पस्तीस वर्षें राज्याचा पैसा त्यांच्या हातून गेला. चंदूलाल स्वभावानें क्रूर नव्हते. ते कवि होते, विद्वानांचे आश्रयदाते होते आणि त्यांच्या दानधर्माची ख्याति दूरवर पसरली होती. त्यांच्याच काळांत महाराजा रणजितसिंगांच्या साहाय्यानें नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची भव्य इमारत उभी राहिली. परंतु दाराशीं आलेल्या याचकास मूठभर रुपये देणारा मनुष्य चांगला कारभारी असतोच असें नाहीं. ते रुपये कोठून आले हें विचारावें लागतें, आणि तें विचारणारें त्या वेळीं कोणी नव्हतें.

मुलूख धगधगत होता ह्याची साक्ष नांदेडच्या लोकांस लांब शोधावयास नको. हदगांव-उमरखेडच्या बाजूस नाव्हा म्हणून गांव आहे. तेथील गढींत हटकरांचा पुढारी नोवसाजी नाईक निजामाच्या सत्तेस झुगारून राहिला होता. १८१९ च्या जानेवारींत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेनें त्या गढीस वेढा घातला आणि महिन्याच्या अखेरीस ती घेतली. तींत शेंकडों माणसें पडलीं. ही फौज निजामाच्या खर्चानें ठेवलेली व इंग्रज अंमलदारांनीं चालविलेली. पुढें हिलाच हैदराबाद कंटिंजंट असें नांव मिळालें. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद (म्हणजे अंबाजोगाई) येथें तिच्या छावण्या होत्या. मक्त्यामुळें बंडें होत, बंडें मोडण्यास फौज लागे, फौजेच्या पगारासाठीं कर्ज काढावें लागे आणि कर्ज फेडण्यासाठीं पुन्हां तालुके मक्त्यानें जात. असें हें रहाटगाडगें फिरत होतें.

अशा काळांत, १८२९ सालीं, मीर तुराब अलीखान ह्यांचा जन्म झाला. त्यांचें घराणें मोठें. पूर्वज विजापूरच्या आदिलशहांच्या, मग दिल्लीच्या बादशहांच्या व शेवटीं निजामांच्या पदरीं अधिकारावर होते. वडील लहानपणींच वारल्यामुळें त्यांचें संगोपन आजोबांनीं व पुढें चुलते सिराजउल्मुल्क ह्यांनीं केलें. फारसी-अरबीचें शिक्षण रीतीप्रमाणें झालें, इंग्रजी त्यांनीं नंतर शिकून घेतलें. वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्यांस तेलंगणांतील कांहीं तालुक्यांचा कारभार मिळाला. तेथें डायटन नांवाचा एक इंग्रज गृहस्थ निजामाच्या नोकरींत राहून पूर्वीं काम पाहत असे, व त्यानें पगारी कामगारांकडून वसूल करण्याची रीत घातली होती. ह्या तरुण सरदारानें ती रीत तेथें प्रत्यक्ष पाहिली. तो काळ थोड्याच महिन्यांचा होता. पण पुढील तीस वर्षांचें बीज त्यांत पडलें असें आम्हांस वाटतें. सरदारांच्या मुलांपैकीं फारच थोड्यांस त्या दिवसांत गांवचा वसूल कसा होतो हें डोळ्यांनीं पाहण्याची हौस होती.

१८५३ चा मे महिना हैदराबादच्या इतिहासांत फार वाईट गेला. कंटिंजंटच्या पगारापोटीं इंग्रजांचें कर्ज चढत चढत पन्नास लाखांच्या घरांत गेलें होतें. त्यासाठीं निजाम नासिरुद्दौला ह्यांस तहावर सही करून वऱ्हाड, रायचूरचा दुआब व नळदुर्गाकडील जिल्हे इंग्रजांच्या कारभाराखालीं द्यावे लागले. तह होऊन आठवडा होतो न होतो तोंच दिवाण सिराजउल्मुल्क वारले, आणि त्यांची जागा त्यांच्या चोवीस वर्षांच्या पुतण्यास मिळाली. ही जागा हेवा करण्याजोगी नव्हती. तिजोरी रिकामी, सैनिकांचे पगार थकलेले, उत्तम उत्तम तालुके सावकारांकडे व अरब-रोहिल्यांकडे गहाण, आणि शहरांत दिवाणाच्या शिपायापेक्षां जमादाराच्या शिपायाचा दरारा अधिक. अरब लोक आपल्या ऋणकोस धरून स्वतःच्या घरांत कोंडून ठेवीत. त्यास सोडविण्याची सरकारची प्राज्ञा नव्हती.

नव्या दिवाणांनीं काय केलें? त्यांनीं गाजावाजा केला नाहीं. पहिली गोष्ट म्हणजे ज्यांच्याकडे तालुके गहाण होते त्यांस एकेकास बोलावून त्यांचे हिशेब मागितले. हिशेब तपासून खरें देणें किती व फुगविलेलें किती हें ठरविलें, आणि खऱ्या रकमेचे हप्ते बांधून दिले. हप्ते वेळच्या वेळीं पोहोंचूं लागले तेव्हां सावकारांस असें दिसून आलें कीं तालुका उरावर घेऊन बसण्यापेक्षां दिवाणाचा शब्द बरा. मग एकामागून एक तालुके परत आले. बळानें हें झालें नसतें. अरबांचें बळ दिवाणापेक्षां अधिक होतें. दिलेला शब्द पाळणारें सरकार त्या राज्यानें कित्येक वर्षांत पाहिलें नव्हतें, आणि त्याच एका गोष्टीनें गड सर केला. अरबांच्या देण्याघेण्याचे तंटे तोडण्यासाठीं न्यायाची सोय झाली व घरांत माणसें कोंडण्याची चाल हळूहळू बंद पडली.

परत आलेले तालुके पुन्हां मक्त्यानें न देतां तेथें पगारी तालुकदार नेमले, हा दुसरा भाग. मध्यवर्ती सरकारी तिजोरी स्थापन झाली. पूर्वीं वसुलाचा पैसा सावकाराच्या पेढींत जाई व सरकार आपल्याच पैशासाठीं त्याच्या दाराशीं उभें राही; आतां तो सरळ तिजोरींत येऊं लागला. निरनिराळ्या टांकसाळींच्या कमीजास्त नाण्यांमुळें रयतेस जो बट्टा सोसावा लागे तो कमी करण्यासाठीं एकच हाली सिक्का पाडण्यांत आला. आमच्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यांत हाली व कल्दार हे शब्द वारंवार येत, त्यांतील हाली तो हाच. मार्गावर जागोजाग घेतली जाणारी जकात उठविण्यांत आली. लातुरासारख्या व्यापारी गांवास ह्याचा अर्थ काय होता तें तेथील पालकांस आम्हीं सांगावयास नको.

पगारी नोकर पैसा खात नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सालारजंगांच्या कारभारांतहि लांच घेणारे निघाले. फरक एवढाच कीं मक्तेदाराचा अधिक वसूल हा त्याचा हक्काचा नफा होता, आणि पगारी तालुकदाराचा अधिक वसूल हा गुन्हा ठरला. गुन्हा ठरला म्हणजे तक्रार करतां येते, चौकशी करतां येते, कागद मागतां येतो. ह्या मधल्या अंतरांतच राज्यकारभार म्हणून जें कांहीं असतें तें सगळें येतें.

आतां १८५७ ची गोष्ट सांगितली पाहिजे; ती टाळून हें चरित्र लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्या वर्षींच्या मे महिन्यांत नासिरुद्दौला वारले व अफजलुद्दौला गादीवर आले. जूनमध्यें औरंगाबादेस कंटिंजंटच्या घोडदळानें बंड केलें आणि त्याचें फळ तेथील सैनिकांस प्राणांनीं भोगावें लागलें. १७ जुलै रोजीं तुर्रेबाजखान व मौलवी अलाउद्दीन ह्यांच्या मागें निघालेल्या जमावानें हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चाल केली. सालारजंगांनीं रेसिडेंटास आधींच इशारा दिला होता. हल्ला मोडला गेला. पुढें कौलासचे राजे दीपसिंग व रंगराव पागे ह्यांनीं मराठवाड्यांत उठाव करण्याची खटपट केली, तीहि उघडकीस येऊन रंगरावांस अंदमानांत धाडण्यांत आलें. ह्या सर्व काळांत दिवाण इंग्रजांच्या बाजूस ठाम राहिले. हैदराबाद उठलें असतें तर दक्षिण उठली असती, असें पुष्कळ इतिहासकार मानतात. म्हणून कित्येकांनीं त्यांस देशद्रोही म्हटलें आहे आणि शहरांतील लोकांनीं त्याच वेळीं त्यांस शिव्याशाप दिले. आमचें मत विचाराल तर असें आहे: नुकतीच कोठें सावरूं लागलेली तिजोरी व नुकतेच सोडविलेले तालुके त्यांच्या डोळ्यांसमोर होते. इंग्रजांशीं लढाई म्हणजे फौजेस पैसा, आणि पैसा म्हणजे पुन्हां मक्ता, हें गणित त्यांनीं केलें असावें. तें गणित कारभाऱ्याचें होतें, देशभक्ताचें नव्हतें. तुर्रेबाजखान मारला गेला, रंगराव पागे काळ्या पाण्यावर गेले, आणि आमच्या प्रांतानें त्यांचेंहि स्मरण ठेवावें हें योग्यच आहे.

ह्या निष्ठेचें फळ १८६० सालीं मिळालें. इंग्रजांनीं कर्ज माफ केलें व नळदुर्गाचा आणि रायचूरचा मुलूख परत दिला. वऱ्हाड मात्र आपल्याकडेच ठेवलें. नळदुर्गाची हकीकत विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. मधल्या सात वर्षांपैकीं पहिलीं चार वर्षें तेथें मेडोज टेलर नांवाचे इंग्रज अधिकारी होते. ते मोठे लेखक होते. त्यांस देशी भाषा येत, लोकांत मिसळण्याची आवड होती आणि त्यांनीं त्या जिल्ह्याचा कारभार कळकळीनें केला. तेव्हां तो मुलूख निजामाकडे परत आला त्या दिवसापासून तेथील रयतेच्या हातीं एक मापच आलें. कालचें राज्य कसें होतें तें तिनें पाहिलेलें होतें. वऱ्हाड परत न देण्यास इंग्रज जीं कारणें पुढें करीत, त्यांत तेथील प्रजा आमच्या कारभारांत अधिक सुखी आहे हें एक होतें. ह्यास तोंडी उत्तर देऊन भागणार नव्हतें. आपल्या हातांतील जिल्हे चांगले चालवून दाखविणें एवढाच मार्ग सालारजंगांस मोकळा होता.

तो मार्ग त्यांनीं १८६५ च्या जिल्हाबंदीनें धरला. सरकारी मुलखाचे जिल्हे पाडले, कांहीं जिल्हे मिळून एकेक विभाग केला; जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखालीं दुय्यम व सोयम तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार अशी उतरंड बांधली. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, बिदर, नळदुर्ग ह्या जिल्ह्यांची चौकट त्याच काळांत तयार झाली. पुढें तींत फेरफार झाले, तरी नांदेडचा विद्यार्थी आज आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढतो तेव्हां तो बऱ्याच अंशीं त्याच चौकटींत काढतो. वसुलाचें काम पाहणाऱ्यांहून पोलिसांचें खातें वेगळें झालें. दिवाणी व फौजदारी न्यायाच्या कचेऱ्या जिल्ह्यांत आल्या. १८६८ च्या सुमारास न्याय, महसूल, पोलीस व किरकोळ अशीं चार खातीं करून प्रत्येकावर एकेक प्रमुख नेमला. एका माणसाच्या डोक्यांत असलेलें राज्य कागदावर उतरूं लागलें. १८६९ सालीं राज्याचें पहिलें टपाल तिकीट निघालें. १८७४ सालीं वाडीपासून सिकंदराबादेपर्यंत आगगाडी सुरू झाली. (नांदेडास ती पुढें पंचवीस-सव्वीस वर्षांनीं आली, आणि लातुरास बार्शीची छोटी गाडी १९११ सालीं.) १८७५ च्या सुमारास औरंगाबादेकडील मराठी तालुक्यांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व प्रतबंदी सुरू झाली, तें काम त्यांच्यामागेंहि चालू राहून हळूहळू इतर जिल्ह्यांत पोहोंचलें. ज्या शेताची मोजणी झाली त्याचा सारा तालुकदाराच्या लहरीवर राहत नाहीं, वहींत लिहिलेला असतो.

ह्या कामांस माणसें कोठून आणावयाचीं हा मोठा प्रश्न होता. राज्यांत नव्या पद्धतीचें शिक्षण नव्हतें. दिवाणांनीं पहिल्याच कांहीं वर्षांत दारुल-उलूम ही शाळा काढली, पण शाळेचें पीक हातीं येण्यास काळ लागतो. म्हणून त्यांनीं उत्तर हिंदुस्थानांतून व मद्रास-मुंबईकडून शिकलेले लोक बोलाविले. सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिनुल्मुल्क म्हणून पुढें प्रसिद्धीस आलेले मेहदी अली, चिराग अली हीं नांवें त्यांपैकींच होत. हे लोक कर्तबगार होते ह्यांत शंका नाहीं.

दिवाणांची स्वतःची राहणी नियमित असे. सकाळीं लौकर उठून ते कांहीं वेळ खुल्या दरबारांत बसत. तेथें गरिबांतील गरिबासहि अर्ज देण्याची मुभा होती. त्यानंतर खात्यांचे कागद, हिशेब, भेटी असा क्रम रात्रींपर्यंत चाले. पोशाख साधा, बोलणें मोजकें. आश्चर्य हें कीं ज्या जिल्ह्यांची त्यांनीं नव्यानें घडी बसविली ते जिल्हे त्यांस मोकळेपणानें पाहतांहि येत नसत. निजाम अफजलुद्दौला ह्यांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. धन्याच्या परवानगीवांचून दिवाणास शहराबाहेर पाऊल टाकतां येत नसे. दरबारांतील ज्यांचे मक्ते बुडाले होते ते सरदार निजामाचे कान भरीत, आणि दिवाणास काढून टाकण्याचे बेत एकाहून अधिक वेळां झाले. १८५९ सालीं दरबारांतून रेसिडेंटासह बाहेर पडत असतां त्यांच्यावर हल्ला झाला. १८६८ सालीं पुन्हां गोळ्या झाडण्यांत आल्या. दोन्ही वेळां ते वांचले, आणि दुसऱ्या दिवशीं कामावर होते.

१८६९ सालीं अफजलुद्दौला वारले. नवे निजाम महबूब अलीखान हे अवघे अडीच वर्षांचे होते. तेव्हां सालारजंग व शम्सुल-उमरा अमीर-ए-कबीर ह्यांच्याकडे मिळून राज्याचा कारभार आला. आतां हात कांहींसे मोकळे झाले, आणि त्यांनीं वऱ्हाडाची मागणी नेटानें पुढें मांडली. १८७६ सालीं ते विलायतेस गेले. पॅरिसमध्यें जिन्यावरून पडून त्यांच्या पायाचें हाड मोडलें, तरी त्यांनीं प्रवास सोडला नाहीं. लंडन शहरानें त्यांचा बहुमान केला, ऑक्सफर्ड विद्यापीठानें सन्मानाची पदवी दिली, राणीची भेट झाली. वऱ्हाड मात्र मिळालें नाहीं. उलट हिंदुस्थान सरकारची त्यांच्यावर इतराजी झाली. १८५७ मध्यें ज्यांस तारणहार म्हटलें त्यांचीच मागणी आतां उपद्रव वाटूं लागली, आणि अमीर-ए-कबीर १८७७ सालीं वारल्यावर त्यांच्या जागीं सालारजंगांचे प्रतिस्पर्धी विकारुल-उमरा ह्यांस नेमण्यांत आलें. इंग्रजांवर ठेवलेला भरंवसा किती फळास आला, हें ह्यावरून वाचकांनींच पाहावें.

त्याच सुमारास, १८७६-७७ मध्यें, दक्षिणेंत घोर दुष्काळ पडला. नळदुर्गासारख्या जिल्ह्यांस त्याची झळ लागली. सरकारनें कामें काढलीं, अन्नछत्रें उघडलीं, साऱ्याची सूट दिली. वीस वर्षांपूर्वींच्या मक्तेदाराच्या हातीं हाच मुलूख असता तर काय झालें असतें ह्याचा विचार करवत नाहीं.

सालारजंगांच्या कामांतील उणिवाहि मोठ्या होत्या. त्यांच्या सुधारणा फक्त सरकारी, म्हणजे दिवाणी, मुलखास लागू पडल्या. जहागिरी, पायगा व निजामाचा खासगी मुलूख मिळून राज्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग होता. तेथें जुनेंच राज्य चालू राहिलें, व शेजारच्या दोन गांवांपैकीं एकांत कायदा आणि दुसऱ्यांत जहागीरदाराचा शब्द असा देखावा आमच्या प्रांतानें १९४८ पर्यंत पाहिला. बाहेरून आणलेल्या अधिकाऱ्यांच्या मागोमाग त्यांचे आप्तस्नेही आले. मुलकी व गैरमुलकी हा तंटा तेथून सुरू झाला तो राज्य असेपर्यंत मिटला नाहीं. मराठी, तेलुगु व कानडी बोलणाऱ्या प्रजेच्या वांट्यास गांवचें कुलकर्णीपण आलें, वरच्या जागा क्वचितच. आणि सर्वांत मोठी गोष्ट कचेरीच्या भाषेची. सालारजंग फारसीचे अभिमानी होते. त्यांच्या हयातींत राज्याचा कागद फारसींत चाले. त्यांच्यामागें १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागीं उर्दू आली. हदगांवच्या किंवा औशाच्या शेतकऱ्यास आपला सारा वहींत लिहिलेला आहे हें कळे, पण काय लिहिलें आहे हें वाचण्यास त्याला दुसऱ्याच्या दाराशीं जावें लागे. मक्तेदार गेला तरी मध्यस्थ गेला नाहीं, असें म्हणावें लागतें. हा दोष त्या काळाचा होता असें म्हणून तो सोडून देणें आम्हांस बरें वाटत नाहीं, कारण शेजारच्या मुंबई इलाख्यांत त्याच काळीं गांवचा कागद मराठींत होता.

फेब्रुवारी १८८३ मध्यें एक युरोपीय राजपुत्र हैदराबादेस पाहुणे आले होते. मीर आलम तलावावर त्यांचा सत्कार झाला. त्यानंतर थोड्याच तासांत दिवाणांस पटकीचा विकार झाला आणि ८ फेब्रुवारी रोजीं वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं ते वारले. तीस वर्षें एकाच जागीं त्यांनीं तीन निजामांची नोकरी केली होती. शहरांतील ज्या लोकांनीं १८५७ सालीं त्यांच्या नांवानें बोटें मोडलीं, त्यांनींच अंत्ययात्रेस गर्दी केली.

त्यांनीं घातलेली उतरंड पुढें पासष्ट वर्षें तशीच चालली. १९४८ नंतर अव्वल तालुकदाराचा कलेक्टर झाला, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. कचेरीचा कागद मराठी झाला. जुनीं दप्तरें मात्र कपाटांत राहिलीं. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हां नांदेड, लातूर, धाराशिव, सगळीकडे तीं दप्तरें बाहेर काढावीं लागलीं, आणि पणजोबांचें नांव कोणत्या ओळींत आहे हें सांगण्यासाठीं उर्दू व मोडी वाचणारीं माणसें गांवोगांव शोधण्यांत आलीं.